रेडिएटरचा फॅन लागत नाही? मोटर बदलण्याआधी करंट कुठे अडतोय ते शोधा

हायवेला ताशी ऐंशीने गाडी धावते तेव्हा काटा मध्यावरून हलत नाही. टोलनाक्यावर दहा मिनिटं अडकली की काटा वर चढायला लागतो आणि एसीची हवा कोमट होते. गाडी पुन्हा पळू लागली की सगळं जागेवर येतं. ही लक्षणं एकत्र दिसली तर रेडिएटरचा फॅन लागत नाहीये किंवा पुरेशा वेगाने फिरत नाहीये, असं जवळजवळ नक्की धरा. ताशी ५०-६० किलोमीटरच्या वर समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, फॅनची फारशी गरज पडत नाही. कसारा किंवा खंबाटकीच्या चढावर ट्रकांच्या रांगेत दुसऱ्या गिअरवर गाडी चालली असेल, तर इंजिनावर भार पूर्ण असतो आणि वारा जवळपास नसतो. तिथे सगळी भिस्त फॅनवर असते.

उलट गाडी ट्रॅफिकमध्ये ठीक राहते आणि हायवेला तापते, असं असेल तर फॅनच्या मागे लागू नका. रेडिएटर आतून चोंदलेला असणं, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये कचरा साठणं, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) अर्धवट उघडणं, वॉटर पंपाची पाती झिजणं ही तिथली कारणं.

फॅन लागत नाही म्हटल्यावर दोन उपाय सर्रास केले जातात. एक म्हणजे न तपासता नवी मोटर बसवणं. दुसरा म्हणजे फॅन ‘डायरेक्ट’ करून देणं, म्हणजे चावी ऑन केली की फॅन सुरू आणि चावी काढेपर्यंत चालूच. दोन्हींना माझा ठाम विरोध आहे. नवी मोटर जुन्याच सडलेल्या कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लगवर) बसवली की महिन्या-दोन महिन्यांत तक्रार परत येते. डायरेक्ट केलेल्या फॅनचे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) लवकर झिजतात, आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) न घालता इग्निशनच्या वायरवरच दहा-पंधरा अँपिअरचा भार टाकला असेल तर इग्निशन स्विचचे पॉइंट जळतात. त्याहून वाईट म्हणजे मूळ बिघाड झाकला जातो. तापमानाचा सेन्सर खोटं सांगत असेल तर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोलही चुकीचं सोडत राहतं. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा याच जातीचा तिसरा उपाय. त्याने इंजिन सतत थंड चालतं, मायलेज घटतं, ऑइलमध्ये चिकट गाळ धरतो आणि फॅनचा प्रश्न होता तिथेच राहतो.

या सर्किटमध्ये मोजून पाच-सहा गोष्टी आहेत: बॅटरी, फ्यूज, रिले, मोटर, अर्थ (करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतण्याची वाट), आणि रिलेला हुकूम देणारा सेन्सर व ईसीएम (जुन्या गाड्यांत थर्मोस्विच, म्हणजे ठरावीक तापमानाला आपोआप जोडला जाणारा स्विच). करंट यांपैकी कुठे अडतोय ते शोधायला मल्टिमीटर, टेस्टलॅम्प (एका वायरीला चिमटा आणि दुसरीकडे टोक असलेला तपासणीचा दिवा) आणि हेडलाइटचा एक जुना बल्ब एवढं पुरतं.

आधी फॅन लागायला हवा होता का, ते ठरवा

थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो. फॅन त्यानंतर, बहुतेक गाड्यांत ९५ ते १०२ अंशांच्या दरम्यान लागतो आणि तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की बंद होतो. थंड इंजिन सुरू करून गाडी जागेवर उभी ठेवली तर फॅन लागायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. पाच मिनिटं वाट पाहून ‘फॅन लागत नाही’ असं ठरवण्यात अर्थ नाही.

इथेच एक मोठा चकवा आहे. गाडी खरोखर तापलेली असते, फॅन लागत नाही, आणि तरीही फॅन, रिले, वायरिंग सगळं ठणठणीत असतं. कूलंट कमी झालं किंवा इंजिनाच्या हेडमध्ये (वरच्या भागात) हवा अडकली की सेन्सरचं टोक पाण्यात बुडत नाही. वाफेत किंवा हवेत लटकलेला सेन्सर खरं तापमान दाखवत नाही, मग ईसीएम फॅन का लावेल? दुसरा प्रकार जुन्या गाड्यांतला. तिथे थर्मोस्विच रेडिएटरच्या टाकीत असतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिनातलं उकळतं पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नाही, स्विच थंडच राहतो आणि फॅन गप्प बसतो. इंजिन तापलेलं, वरचा होज (रेडिएटरची रबरी नळी) गरम, पण खालचा होज आणि रेडिएटर हाताला गार लागत असेल तर थर्मोस्टॅट काढून तपासा, फॅनला हात लावू नका.

म्हणून पहिली पायरी म्हणजे गार इंजिनावर कूलंटची पातळी पाहणं. नुसती बाजूच्या बाटलीतली नव्हे. रेडिएटरला झाकण असेल तर ते उघडून आत पाणी गळ्यापर्यंत आहे का ते बघा. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं झाकणाचं रबर गेलेल्या गाड्यांत नेहमी आढळतं. झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नसतं. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि ते उसळून तोंडावर येतं.

आणखी एक खबरदारी. अनेक गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक लागू शकतो. पात्यांजवळ हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी यांना बोनेटखाली जागा नाही.

काही जीपगाड्या आणि पिकअपमध्ये इंजिन लांबीत बसवलेलं असतं आणि मुख्य फॅन पट्ट्यावर, व्हिस्कस क्लचने फिरतो. त्यांना हे पुढचं लागू नाही. एसीसाठी पुढे वेगळा इलेक्ट्रिक फॅन असेल तर तेवढ्यापुरतं लागू आहे.

दोन मिनिटांच्या दोन चाचण्या

इंजिन सुरू करा आणि एसी पूर्ण थंडवर लावा. जवळपास सगळ्या गाड्यांत कॉम्प्रेसर लागला की लगेच किंवा काही सेकंदांत फॅन फिरायला हवा. फिरला, तर मोटर, निदान एक रिले आणि मोठा फ्यूज चांगले आहेत. संशय सेन्सरच्या बाजूला जातो. फिरला नाही, तर कॉम्प्रेसर खरंच लागलाय का ते आधी पाहा. पुलीच्या पुढची क्लचची चकती फिरते का ते डोळ्यांनी दिसतं, आणि लागताना ‘टक्’ आवाज येतो. एसीचा गॅस संपलेला असेल तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसरच लावू देत नाही आणि त्याच्यासोबत फॅनही बंद राहतो. अशा गाडीत ही चाचणी काहीच सिद्ध करत नाही.

दुसरी चाचणी: इंजिन चालू असताना कूलंट टेम्परेचर सेन्सरचा कपलर काढा. सर्किट उघडं पडताच ईसीएमला तापमान उणे ४० अंश असल्यासारखं दिसतं. हे अशक्य आहे हे त्याला कळतं आणि इंजिन वाचवण्यासाठी बहुतेक गाड्यांत ते फॅन लावून टाकतं. चेक इंजिनचा दिवा लागेल, पी ०११८ हा बिघाडाचा कोड ईसीएममध्ये बसेल. तो नंतर पुसता येतो. कपलर काढताच फॅन घोंघावला तर ईसीएमपासून मोटरपर्यंतचा सगळा रस्ता मोकळा आहे, दोष सेन्सरचा किंवा त्याच्यापर्यंत पाणी न पोचण्याचा. जुन्या थर्मोस्विचच्या गाडीत उलट करायचं: स्विचच्या कपलरमधल्या दोन पिना वायरीच्या तुकड्याने जोडायच्या. काही गाड्यांत फॅनचा पूर्ण करंट याच स्विचमधून जातो, म्हणून वायर जाड घ्या.

दोन्ही चाचण्यांत फॅन ढिम्म राहिला तर मोटरपासून मागे यायला सुरुवात करा.

मोटर

बॅटरी सुटी असताना पातं बोटाने फिरवून बघा. ते सहज फिरून हळूहळू थांबायला हवं. जागोजागी अडकत असेल, खरखर येत असेल किंवा शाफ्ट वर-खाली हलत असेल तर बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्या) गेले. अशी मोटर जास्त करंट ओढते आणि फ्यूज उडवते. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून ३० च्या जागी ४० चा घातला तर पुढच्या वेळी वायर जळते.

मोटरचा कपलर काढा आणि बॅटरीवरून थेट करंट द्या. वायर निदान २.५ चौरस मिलिमीटरची असावी आणि तिच्यात ३० अँपिअरचा फ्यूज हवाच. लहान गाडीचा फॅन चालताना ७ ते १० अँपिअर घेतो, मोठ्या गाडीचा २० ते २५, आणि सुरू होतानाचा झटका याच्या दुप्पट-तिप्पट असतो. बारीक वायरीने दिलेला करंट चांगल्या मोटरलाही नापास ठरवतो.

मोटर फिरली नाही तर करंट चालू ठेवून तिच्या मागच्या बाजूला पान्याच्या लाकडी किंवा प्लास्टिक मुठीने हलकेच ठोका, पात्यांपासून हात लांब ठेवून. ठोकताच फिरू लागली तर कार्बन संपलेत. स्प्रिंग आता त्यांना कम्युटेटरवर (शाफ्टवरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर) दाबू शकत नाही. ही मोटर आज चालेल, उद्या ऐन घाटात बंद पडेल, बदलूनच टाका. एखाद्याच कोनात अडकणारी मोटर ओहममीटरवर सापडते. मीटर लावून पातं अगदी हळू फिरवा. चांगल्या मोटरचा रोध एक-दोन ओहमच्या आत राहतो. एखाद्या जागी मीटर एकदम ‘उघडं’ दाखवू लागला तर तिथला कम्युटेटरचा पट्टा मेलेला आहे. ‘कधी लागतो, कधी लागत नाही’ या तक्रारीमागे हे कारण बऱ्याचदा असतं.

मोटर थेट करंटवर व्यवस्थित फिरली तर तिला निर्दोष सोडा.

मीटर बारा व्होल्ट दाखवतो, तरी फॅन फिरत नाही

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून जरा थांबतो. फॅनचा कपलर काढून पिनांवर मल्टिमीटर लावला, १२.५ व्होल्ट दिसले, आणि निष्कर्ष निघाला की ‘करंट येतोय, मोटर गेली’. मल्टिमीटर स्वतः जवळपास काहीच करंट घेत नाही. वायरीच्या चाळीस तारांपैकी एकच शाबूत असली, किंवा रिलेच्या पिनेवर हिरवा गंज चढलेला असला, तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मोटरने दहा अँपिअर मागितले की तेच व्होल्टेज तीन-चारवर कोसळतं.

त्यामुळे तपासणी नेहमी भार लावून करा. जुना ६०/५५ वॉटचा हेडलाइट बल्ब घ्या, त्याला दोन वायरी डाखवून टोकांना चिमटे लावा. हा बल्ब साडेचार-पाच अँपिअर खातो. फॅनच्या कपलरमध्ये पिनांवर हा लावा आणि फॅन लागण्याची स्थिती आणा, एसी लावून किंवा सेन्सर काढून. बल्ब लखलखीत पेटला तर पुरवठा खरा. पिवळट, मंद पेटला तर वाटेत रोध आहे आणि तो कुठे आहे ते आता मोजता येतं.

बल्ब किंवा फॅन चालू असतानाच मोजायचं. मल्टिमीटरची लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर, काळी मोटरच्या पॉझिटिव्ह पिनेच्या मागे. पूर्ण पुरवठ्याच्या बाजूला मिळून ०.५ व्होल्टपर्यंत घट चालते. मग काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल मोटरच्या अर्थ पिनेवर, इथे ०.२ व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. पॉझिटिव्ह बाजूला दोन-तीन व्होल्ट दिसले तर एक-एक टप्पा मागे या: बॅटरी ते फ्यूज, फ्यूज ते रिले, रिलेच्या आत, रिले ते कपलर. आकडा ज्या टप्प्यावर उडी घेतो तिथे दोष. चालू स्थितीत रिलेच्या ३० आणि ८७ पिनांमध्ये (या पिना कोणत्या ते पुढे रिलेच्या भागात) तो ०.२ च्या आत असावा.

कोकणात आणि गोव्यात दोष अर्थच्या बाजूला सापडण्याचं प्रमाण मोठं असतं. खारी हवा आणि चार महिने ओल यांमुळे बंपरमागचा अर्थचा बोल्ट वरून ठीक दिसतो, पण थिंबळीखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) पत्रा गंजून पापुद्रा धरलेला असतो. बोल्ट काढा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबळी घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. आधी ग्रीस लावून मग आवळणं चुकीचं.

फ्यूज आणि रिले

फ्यूज काढून उजेडात धरणं पुरेसं नाही. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. फ्यूज जागेवर ठेवूनच त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना टेस्टलॅम्प लावा. दोन्हींकडे पेटायला हवा. डोकं बंद असलेला चौकोनी फ्यूज बाहेर काढून मीटरवर तपासा. रंगावरून फ्यूज बदलू नका. पात्याच्या साध्या फ्यूजमध्ये हिरवा ३० अँपिअरचा असतो, तर पेटीसारख्या चौकोनी फ्यूजमध्ये ३० चा गुलाबी आणि ४० चा हिरवा. वर छापलेला आकडा वाचा.

रिलेच्या पायांवर बारीक आकडे असतात. ३० वर बॅटरीचा करंट, ८७ वरून फॅनकडे, आणि ८५-८६ ही आतल्या कॉइलची दोन टोकं. एकाला चावी ऑन केल्यावर बारा व्होल्ट येतात, दुसऱ्याला ईसीएम किंवा थर्मोस्विच अर्थ देतो. बऱ्याच जपानी आणि कोरियन बनावटीच्या छोट्या रिलेंवर हे आकडे नसतात, आतल्या जोडणीचं चित्र असतं; त्यावरून पाय ओळखा.

रिलेची ‘टक्’ ऐकू आली म्हणजे रिले चांगला, हा समज सोडा. टक् वाजणं म्हणजे कॉइल ओढते, एवढंच. आतले पॉइंट जळून खड्डे पडलेले असतील तर करंट पलीकडे जात नाही. त्याच पेटीत हॉर्नला बहुधा तशाच आकाराचा, तशाच पायांचा रिले असतो. आकडे किंवा चित्र जुळत असेल तर दोघांची अदलाबदल करा. फॅन लागला आणि हॉर्न गेला, की निकाल लागला. कॉइलचा रोध मीटरवर ६० ते १०० ओहमच्या आसपास येतो. उघडा आला तर कॉइल तुटलेली.

अदलाबदल करूनही फॅन लागला नाही तर रिले काढा आणि सॉकेट नीट पाहा, शक्यतो टॉर्च लावून. ३० आणि ८७ च्या भोकांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलंय का, फुगलंय का? तसं असेल तर आतल्या पितळी जिभेची पकड ढिली झाली आहे. ती ढिली म्हणून तापते, आणि तापते म्हणून आणखी ढिली होते. नवा रिलेही इथे काही दिवसच टिकेल. एका सुट्या, त्याच जाडीच्या पात्याने भोकांची पकड चाचपून बघा. चारही भोकांत सारखी ओढ लागायला हवी. एखाद्यात पातं सुळकन आत-बाहेर होत असेल तर ती पिन वायरीसकट नवी टाकावी लागेल. पिनेच्या फटीत तार कोंबून काम भागवलेलं दिसलं तर तेही काढा, बोनेटखालच्या आगींना असलं निमित्त पुरतं.

आता रिकाम्या सॉकेटमध्ये मोजा. ३० वर चावी बंद असतानाही बारा व्होल्ट हवेत. नसतील तर फ्यूजकडे परत जा. फ्यूज घातलेल्या जाड वायरीने ३० आणि ८७ जोडा. फॅन लागला तर रिलेपासून फॅनपर्यंतची वाट मोकळी आहे. चावी ऑन करून कॉइलच्या एका पिनेवर बारा व्होल्ट येतात का बघा. मग टेस्टलॅम्पचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून टोक कॉइलच्या दुसऱ्या पिनेवर धरा आणि इंजिन चालू ठेवून सेन्सरचा कपलर काढा. लॅम्प पेटला तर ईसीएम हुकूम देतंय. इथे मात्र हेडलाइटचा बल्ब वापरायचा नाही. ईसीएमच्या आतला ट्रान्झिस्टर रिलेच्या कॉइलचा दीडशे-दोनशे मिलिअँपिअरचा करंट ओढण्यासाठी असतो. एलईडीचा किंवा तीन वॉटचा बारीक लॅम्पच लावा. आणि या पिनेवर बॅटरीचा पॉझिटिव्ह थेट कधीही द्यायचा नाही, ईसीएम जळतं.

सेन्सर आणि ईसीएमची बाजू

इथे ओबीडी स्कॅनर (ईसीएममधले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणारं यंत्र) कामाचा. भारतात २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना साधा ब्लूटूथ डोंगल लागतो. पी ०४८० आणि पी ०४८१ हे फॅनच्या कंट्रोल सर्किटचे कोड. म्हणजे रिलेची कॉइल, तिचा पुरवठा आणि ईसीएमपर्यंतची वायर तपासा. मोटर जळली तर साध्या रिलेच्या गाडीत ईसीएमला पत्ताही लागत नाही, त्यामुळे कोड नाही म्हणजे सगळं ठीक असं नव्हे. पी ०११७ सेन्सर शॉर्ट झाल्याचं सांगतो, पी ०११८ उघडा पडल्याचं. पी ०१२८ आला तर इंजिन पुरेसं गरम होत नाही, म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा कोणीतरी काढून टाकलाय.

कोडपेक्षा लाइव्ह डेटा जास्त बोलतो. रात्रभर उभ्या गाडीची सकाळी फक्त चावी ऑन करा. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन-तीन अंशांच्या फरकात असायला हवं. हवा २६ आणि कूलंट ९ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. गरम झाल्यावर थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून स्कॅनरच्या आकड्याशी ताडून बघा. पाच-सात अंशांचा फरक चालेल. थर्मामीटर ९८ आणि स्कॅनर ८१ दाखवत असेल तर फॅन न लागण्याचं कारण हाती आलं. चकचकीत अॅल्युमिनिअमवर असा थर्मामीटर कमी दाखवतो, तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर रोखा.

डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. कित्येक जुन्या गाड्यांत काट्याचा सेंडर वेगळा, एका वायरीचा, आणि ईसीएमचा सेन्सर वेगळा, दोन वायरींचा असतो. काटा लालवर आणि ईसीएमच्या हिशेबात इंजिन कोमट, असं होऊ शकतं.

सेन्सर काढून मोजायचा तर बऱ्याच गाड्यांत २० अंशांना २ ते ३ किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास आणि १०० ला १८० ते २०० येतात. कपलरमध्ये, चावी ऑन असताना, एका पिनेवर ५ व्होल्ट आणि दुसरीवर चांगला अर्थ मिळायला हवा. थर्मोस्विचवर सहसा ९२-८७ किंवा ९५-९० असे आकडे कोरलेले असतात: पहिल्याला जोडतो, दुसऱ्याला सोडतो. तो पाण्याच्या भांड्यात लटकवून, थर्मामीटर सोबत ठेवून गरम करा आणि मीटरवर बघा. पाणी उकळायच्या आत जोडला गेला पाहिजे. ते भांडं पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका, कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं.

दोन वेगांचे फॅन

अनेक गाड्यांत फॅन आधी हळू आणि मग जोरात फिरतो. हळू वेगासाठी वाटेत रेझिस्टर असतो, बहुधा फॅनच्या चौकटीवरच, वाऱ्यात बसवलेला. तो जळला की हळू वेग नाहीसा होतो. मग फॅन बराच वेळ लागत नाही, काटा चढतो, आणि एकदम विमानासारखा आवाज करत पूर्ण वेगाने लागतो. एसी उभ्या गाडीत कमी थंड करतो. मोटर अर्थातच चांगली असते. रेझिस्टरची किंमत एक ओहमच्या आतली, त्यामुळे मोजण्याआधी मीटरच्या दोन तारा एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध वजा करा.

दोन फॅन आणि तीन रिले असलेल्या गाड्यांची रचना आणखी वेगळी. हळू वेगाला दोन्ही मोटरी एकापाठोपाठ जोडल्या जातात आणि प्रत्येकीला जेमतेम सहा व्होल्ट मिळतात. जोरात फिरवायचं तेव्हा रिले त्यांना शेजारी-शेजारी जोडतात आणि दोघींना पूर्ण बारा. त्यामुळे एकच मोटर जळली तरी हळू वेगाला दोन्ही फॅन बंद! दोन्ही मोटरी बदलायच्या आधी प्रत्येकीला वेगवेगळा करंट द्या.

नव्या गाड्यांत रिलेऐवजी फॅनवरच कंट्रोल मॉड्यूल असतं: दोन जाड वायरी आणि एक-दोन बारीक. बारीक वायरीवर ईसीएम थरथरता सिग्नल पाठवतं, त्यावरून वेग ठरतो. इथे जाड वायरींवर भारासकट बारा व्होल्ट आणि अर्थ मिळतोय एवढं स्वतः तपासा. पुढे फॅन हुकमाने चालवून बघणारा कंपनीच्या दर्जाचा स्कॅनर लागतो. मॉड्यूलच्या बारीक वायरीला बारा व्होल्ट लावून प्रयोग करू नका.

वाटेत अडकलात तर

काटा वर जाऊ लागताच एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात ठेवा, काचा उघडा. डॅशबोर्डमागचा हीटर हाही छोटा रेडिएटरच आहे, बरीच उष्णता बाहेर काढतो. काटा लालला टेकला किंवा लाल दिवा लागला तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बोनेट उघडा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. गरम इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतलं तर अॅल्युमिनिअमचं हेड वाकतं, गॅसकेट जातं. काही शे रुपयांच्या रिलेपायी हेड उतरवण्याची वेळ येते ती अशी.

रिले गेला असेल तर हॉर्नचा रिले तिथे बसवून घर गाठा. तोही नसेल तर सॉकेटमध्ये ३० आणि ८७ फ्यूजवाल्या वायरीने जोडून गॅरेजपर्यंत जाता येतं. गाडी उभी करताच ती वायर काढा. ३० ची पिन चावीवर अवलंबून नसते. दहा अँपिअरचा फॅन ३५ अँपिअर-तासाची बॅटरी तीन-साडेतीन तासांत झोपवतो.

काम झाल्यावर

मोटर किंवा कपलर बदलला असेल तर फॅनची दिशा तपासा. वायरी उलट जोडल्या गेल्या की फॅन उलटा फिरतो आणि वारा पुढे ढकलतो. उभ्या गाडीत कसाबसा भागतो, चालत्या गाडीत समोरच्या वाऱ्याशी भांडतो. रेडिएटरच्या मागे बसवलेला फॅन चालू असताना ग्रिलसमोर कागद धरा, तो ओढला जाऊन चिकटला पाहिजे. फॅन रेडिएटरच्या पुढे असेल तर वारा इंजिनाकडे जातोय का ते मागून बघा.

पुढच्या बंपरचं काम होऊन आलेल्या गाडीत फॅनची चौकट तुटलेली किंवा गायब नाही ना, हेही पाहा. चौकट नसली तर फॅन पात्यांभोवतीचीच हवा घुसळत राहतो, रेडिएटरच्या कडांमधून काही ओढत नाही. पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली घर करतात. बंपरच्या आतून जाणारी वायरिंगची जुडी संपूर्ण लांबीत हाताने चाचपा. कुरतडलेली वायर टेपने गुंडाळून न सोडता डाखवा आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा.

शेवटी एसी बंद ठेवून, कूलंट भरून आणि हवा काढून, स्कॅनर लावून गाडी जागेवर चालू ठेवा. फॅन लागतानाचं आणि बंद होतानाचं तापमान दोन फेऱ्यांत टिपून घ्या. दोन्ही वेळचे आकडे एक-दोन अंशांच्या आत जुळले, आणि फॅन चालू असताना मोटरच्या कपलरवर १३ व्होल्टच्या वर मिळाले, की गाडी मालकाच्या ताब्यात द्या. आकडे फेरीगणिक बदलत असतील तर हेडमध्ये अजून हवा आहे. गार होऊ द्या आणि पुन्हा काढा.